लिंबू-मीठ

लातूरच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते. अकरा वर्षांत मी रोमन काळातली एकेचाळीस कांस्य नाणी जमवली. बहुतेक हैदराबादच्या एका विक्रेत्याकडून टपालाने आलेली. रोमची म्हणतात, पण ती रोममध्ये पाडलेली नव्हेत. साम्राज्यातल्या लहान लहान गावांनी आपापली पाडलेली. एका बाजूला सम्राटाचं तोंड, दुसऱ्या बाजूला गावचा देव, गावची नदी. सोन्याच्या नाण्यांपेक्षा मला हीच आवडायची. आपलं हदगाव किंवा कंधार स्वतःचं नाणं पाडतंय, असं काहीतरी वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात प्राचार्यांनी प्रदर्शन ठेवायला सांगितलं. नाणी काळीशार होती. मुलं म्हणाली, "मॅडम, यात काय दिसतंय?" मला ते लागलं. घरी देवाचं ताम्हण घासतात तसं मी लिंबू-मीठ घेतलं आणि एकेक नाणं चोळत गेले. पिवळीधमक झाली. सम्राटांची नाकं दिसू लागली. प्रदर्शनात सगळ्यांनी वाहवा केली.

आषाढाच्या सुरुवातीला नाण्यांचा डबा उघडला तेव्हा सात नाण्यांवर फिकट हिरवी भुकटी होती. पुसली. आठवड्याने पुन्हा आली, आता बारांवर. बोट लावलं की खाली खड्डा. झोपेतून उठले की आधी डबा उघडायचा, कॉलेजातून आले की चप्पल न काढता डबा उघडायचा. नवरा म्हणाला, "अगं, नाणी आहेत ती. आजारी माणूस नाही." त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

नांदेडला एक काका आहेत, पोस्टातून रिटायर झालेले, चाळीस वर्षं नाणी जमवणारे. फोन केला तर म्हणाले, "हात लावू नका. जशी हायेत तशी घेऊन या." कापसात गुंडाळून, डबा मांडीवर धरून मी एसटीने गेले. लोह्याच्या पुढे रस्त्याला खड्डे. प्रत्येक दणक्याला आत काही तुटलं की काय, असं वाटे.

काकांनी भिंग लावलं. एकेक नाणं उलटून पाहिलं. मग म्हणाले, "याला मीठ लागलंय का कधी?"

मी इतिहासाची प्राध्यापक. "नाही," मी म्हणाले.

"आंबट काही? चिंच, लिंबू?"

"नाही काका."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. दोन दिवस बसून सुईने भुकटी काढली, नाणी वाळवली, वरून पातळ मेण दिलं. मी नाण्यांसह परत आले. महिन्याभरात मेणाखालून हिरवं फुटलं, आणि या वेळी सगळ्यांवर. मीठ आत तसंच होतं; आम्ही ते आतच कोंडलं होतं. माझं सगळ्यात लाडकं नाणं, नदीचा देव हातात नदीकाठच्या बोरूची काडी धरून रेललेला, उचललं तर कड ओल्या बिस्किटासारखी बोटात राहिली. मी स्वयंपाकघरात फरशीवर बसून रडले.

फोनवर काकांना खरं सांगितलं.

"तेव्हाच सांगायचं होतं, बाई," ते म्हणाले. "मीठ पाण्यानं काढावं लागतं. मी त्याच्यावर मेण लावून बसलो."

"मला लाज वाटली."

"हाव, वाटली आसंल. लाजेपायी लई गेलं पण."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा नांदेडला. त्यांनी मेण काढलं, बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर काचेच्या वाट्यांत ओतलं, प्रत्येक वाटीत एक नाणं. रोज पाणी बदलायचं. मी रजा टाकून चार दिवस राहिले, पुढचे दोन महिने काकांनी एकट्याने केलं. फोनवर ते एवढंच सांगत, "आज दोन गेली." कधी, "आज चार." मी वर्गात शिकवत असताना फोन थरथरला की वाक्य अर्धवट सुटायचं.

नऊ वाचली. नदीचा देव त्यांत नाही. ती नऊ काकांच्याच कपाटात आहेत. "घेऊन जा, आता धोका न्हाई," असं ते दोनदा म्हणाले. मी दोन्ही वेळा दिवाळीनंतर बघू म्हटलं. दिवाळी होऊन गेली.