अप्पांनी न विचारलेला प्रश्न

ॲड. विश्वनाथअप्पा यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. गौरवग्रंथासाठी लिहिण्याचा निरोप आला तेव्हा मी आधी अप्पांनाच फोन केला. "लिही," ते म्हणाले, "पण तो खटला गाळू नको. तेवढंच गाळून लिहायचं असलं तर लिहूच नको." अप्पांचं ऐकण्याची सवय तीस वर्षांची आहे, म्हणून त्या खटल्याविषयीच लिहिते.

अप्पांची आणि माझी पहिली भेट लातूरला, त्यांच्या ऑफिसात झाली. मी मूळची देगलूरची. बारावी सायन्ससाठी वडिलांनी मला लातूरला आणून ठेवलं होतं. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागायला तेव्हा सुरुवात झाली होती, आणि गावाकडच्या प्रत्येक बापाला आपलं लेकरू डॉक्टर झालेलं दिसत होतं. माझा मेडिकलचा प्रवेश थोडक्यात हुकला. मग कायद्याची पदवी घेतली आणि मान खाली घालून अप्पांच्या समोर उभी राहिले. अप्पा तेव्हा सरकारी वकील होते. त्यांचा आवाज कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या टपरीपर्यंत ऐकू जायचा. माझी सगळी कर्मकहाणी ऐकून ते म्हणाले, "डॉक्टर झाली न्हाईस ते बरं झालं. तुझ्या अक्षरानं पेशंट मेले असते. बस तिथं."

त्याच दिवशी त्यांनी मला पहिला धडा दिला. "उत्तर माहीत न्हाई तो प्रश्न साक्षीदाराला विचारायचा न्हाई. लिहून घे." मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

त्र्याण्णवच्या भूकंपाला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. त्या भागातली पुष्कळ माणसं लातुरात येऊन राहिली होती. त्यांतल्याच एक मालनबाई. नवरा ढिगाऱ्याखाली गेलेला. मुलगा सिद्राम आणि मुलगी सुमन यांना घेऊन त्या शहरात आल्या आणि क्लासच्या पोरांसाठी त्यांनी मेस काढली. मी त्याच गल्लीत दुसऱ्या एका मेसमध्ये जेवत असे. जाता-येता मालनबाई दारात भाकरी थापताना दिसायच्या. मला पाहिलं की म्हणायच्या, "तिकडं वरण पातळ असतंय म्हनं. हिकडं ये की."

एका दुपारी, पोरं क्लासला गेलेली असताना, मालनबाई आणि सुमन यांचा घरातच खून झाला. कपाट उचकटलेलं होतं. सिद्राम बाजारात गेला होता म्हणून वाचला.

पोलिसांनी मेहबूबभाईंना पकडलं. ते मालनबाईंच्याच गावचे, पत्र्याचं काम करणारे. त्या सकाळी मेसचा पत्रा ठोकायला आले होते, शेजाऱ्यांनी त्यांना पाहिलं होतं. आणि त्यांच्या घराच्या झडतीत एक पितळी तांब्या सापडला. त्याच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं : मालनबाई, खाली नवऱ्याचं नाव, त्याखाली गावाचं. आपल्याकडे लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव घालून घेतात, तसं.

खटला अप्पांनी चालवला. मी कागद पुरवायला शेजारी होते. सिद्रामच्या हातात तो तांब्या देऊन अप्पांनी विचारलं, "हा कोणाचा?" त्यानं नाव वाचलं आणि तो तिथंच रडायला लागला. "माझ्या आईचा." अप्पा न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, "आणखी काही विचारायचं नाही." मेहबूबभाई आपल्या जबाबात म्हणाले होते, "साहेब, ते भूकंपातलं हाय. ढिगाऱ्यातून निघालं. कुणाचं काय, कुणाकडं काय, समदं एक झालतं." पण आरोपी काही ना काही सांगतोच, असं आम्ही सगळ्यांनी धरलं. त्यांच्या बाजूनं नेमलेला वकील नवखा होता, त्यानंही तो धागा ओढला नाही. फाशीची शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी ऑफिसात कुणीतरी पेढे आणले. मीही खाल्ला. ते लिहिताना आज लाज वाटते, पण मालनबाईंची ती हाक माझ्या कानात होती आणि तो माणूस फासावर जावा असं मला मनापासून वाटत होतं.

फाशी उच्च न्यायालयानं मंजूर करावी लागते. कागद तिकडे गेले आणि आम्ही दुसऱ्या कामाला लागलो.

पुढं महिन्याभरानं अप्पा भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या एका गावात नातलगांच्या घरी बारशाला गेले. गर्दी फार, म्हणून पंगतीची सोय शेजारच्या घरात होती. तिथल्या बाईंनी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. अप्पांची सवय अशी की समोर अक्षर आलं की ते वाचायचं, मग ते पाकिटावरचं असो की पत्रावळीखालच्या वर्तमानपत्रातलं. तांब्यावर होतं : 'चि. सौ. कां. महादेवी हिस वडिलांकडून.' महादेवी ही अप्पांची धाकटी बहीण. भूकंपात मुलाबाळांसह गेलेली. तिच्या लग्नात हे नाव घालून आणायला अप्पाच गेले होते.

त्यांनी बाईंना विचारलं, "हा तांब्या कुठला?"

"ढिगाऱ्यातला की," बाई सहज म्हणाल्या. "आमचं बी असंलच कुणाकडं तरी. पानी देऊ का अजून?"

अप्पा तांब्यातलं पाणी प्यायले, तांब्या पालथा घातला आणि उठले. तो माझ्या बहिणीचा आहे, असं त्यांनी त्या बाईंना सांगितलं नाही. सोमवारी ऑफिसात आल्यावर त्यांनी मला दार लोटायला सांगितलं. "त्या बाईला मी चोर म्हनलो असतो का?" मी म्हटलं, "नाही." "मग मेहबूबला का म्हनलो?" मग ते हळू आवाजात म्हणाले, "सिद्रामला एक प्रश्न विचारायचा राहिला. हा तांब्या लातूरच्या घरात बघितलता का? राहिला म्हंजे, मी राहू दिला. मला उत्तर माहीत नव्हतं म्हनून."

माझ्या वहीच्या पहिल्या पानावरचा तो धडा मला आठवला.

पुढचे तीन रविवार आम्ही भूकंपग्रस्तांच्या नव्या वसाहतींत हिंडलो. "स्वयंपाकघरात मला कोन जाऊ देतंय? तू आत जा, भांडी वाच," अप्पा म्हणाले आणि स्वतः दाराबाहेरच्या ओट्यावर बसून राहिले. मी घराघरांत शिरून घागरी, पराती, डबे उलटेपालटे करून नावं उतरवून घेतली. घर एकाचं आणि भांड्यावर नाव दुसऱ्याचं, असं किती ठिकाणी दिसलं ते सांगता येणार नाही. एका मावशीला मी विचारलं, "तुमची नावाची परात कुठं आहे?" ती हसली. "पलीकडल्या लाइनीतल्या बाईकडं हाय. तिच्याकडं कार्य असलं की मीच जाऊन तीत कणीक मळती."

"मग मागून का नाही घेतली?"

"तिचं मानूस गेलं गं बाई. मी परात मागत बसू का?"

हे मी ओट्यावर येऊन सांगितलं तेव्हा अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आपन दोघं बी हितलेच. आपल्याला हे कळाया पायजे होतं."

अप्पांनी उच्च न्यायालयातल्या सरकारी वकिलांना पत्र लिहिलं. त्यात सरळ लिहिलं होतं की, तांब्याबद्दल एक महत्त्वाचा प्रश्न साक्षीदाराला मी विचारला नाही, तो का विचारला नाही हेही सांगतो, आणि फाशी मंजूर करण्यापूर्वी ही साक्ष पुन्हा घ्यावी, अशी विनंती न्यायालयाला करावी. सहकारी समजवायला आले. "अप्पा, जिंकलेला खटला स्वतःच्या हातानं हरताय?" अप्पा म्हणाले, "खटला सरकारचा हाय. सरकारला खरं काय ते पायजे असंल तर सरकार हरत न्हाई."

गावात मात्र व्हायचं ते झालं. अप्पा फुटले, अप्पा विकले गेले, अशी कुजबुज सुरू झाली. पुढच्या खेपेला सरकारी वकिलांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, आणि कारण कुणी सांगितलं नाही. या सगळ्याचं अप्पांना फारसं वाटलं नाही. वाटलं ते सिद्रामचं. त्यानं कोर्टाच्या व्हरांड्यात अप्पांना गाठलं. "वकीलसाहेब, तुमच्या आईला मारलं असतं तर लिहिलं असतं का असलं पत्र?" अप्पांनी मान खाली घातली.

उच्च न्यायालयानं साक्ष पुन्हा नोंदवायचा आदेश दिला. साक्ष झाली त्या दिवशी अप्पा कोर्टात मागच्या बाकावर, पक्षकारांच्या गर्दीत बसले होते. मी त्यांच्या शेजारी. सिद्राम साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला, तांब्या पुन्हा त्याच्या हातात दिला गेला, आणि तो प्रश्न शेवटी विचारला गेला : हा तांब्या तुम्ही लातूरच्या घरात पाहिला होता का?

सिद्रामनं तांब्या फिरवून फिरवून पाहिला. 'हो' म्हणणं किती सोपं होतं! समोर उभा असलेला माणूस आपल्या आईचा आणि बहिणीचा खुनी आहे, असं त्याला तेव्हाही वाटत होतं. एका शब्दात तो फासावर गेला असता. न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा विचारला.

"गावाकडं हुता," सिद्राम म्हणाला. "लातूरच्या घरी बघितल्याचं आठवत न्हाई."

अप्पांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचकली. मी इतकी वर्षं कोर्टात काढली, मोठमोठे वकील ऐकले. त्या पोराइतकं खरं बोललेलं माणूस मी पाहिलेलं नाही.

संशयाचा फायदा देऊन मेहबूबभाईंना सोडण्यात आलं. सुटल्यावर ते अप्पांच्या घरी आले आणि पाया पडायला वाकले. अप्पांनी त्यांना धरून बसवलं. मेहबूबभाई म्हणाले, "साहेब, तुम्हाला पटलं ना, मी न्हाई मारलं?" अप्पा म्हणाले, "मला माहीत न्हाई, मेहबूबभाई. माहीत नसताना फाशी द्यायची न्हाई, एवढंच मी म्हनलो." मेहबूबभाई चहा न घेताच उठून गेले. मी त्या वेळी अप्पांशी भांडले. एवढं भोगून आलेल्या माणसाला एक 'हो' दिला असता तर काय बिघडलं असतं? आजही मला वाटतं की अप्पा तिथं फार कठोर झाले. त्यांचं म्हणणं, माहीत नसताना 'हो' म्हणायच्या आपल्या सवयीनंच तर तो माणूस फासापाशी गेला होता.

नंतर अप्पांनी नांदेडला बिऱ्हाड हलवलं, आणि माझंही लग्नामुळं नांदेडला येणं झालं. इथं त्यांच्या हाताखाली आम्ही पंधरा-वीस जण तयार झालो. आम्हा सगळ्यांच्या ब्रीफमध्ये, म्हणजे खटल्याच्या कागदांत, मागचं एक पान कोरं असतं. त्यावर लिहायचं : मला काय माहीत नाही. पान कोरंच राहिलं तर अप्पा ब्रीफ परत करतात. 'निःसंशय' हा शब्द तर ते लाल पेनानं खोडतात आणि वर विचारतात, "तू हुतीस का तिथं?" आणि तो पहिला धडा? तो त्यांनी मला रीतसर परत मागितला. मी वहीतलं ते पान फाडून त्यांच्या हातात ठेवलं.

अप्पांचा कठोरपणा सांगितला, तर त्यांची मायाही सांगायला हवी. माझ्या बाळंतपणात तीन महिने माझ्या सगळ्या तारखा अप्पा स्वतः उभे राहून सांभाळत होते. एवढे ज्येष्ठ वकील ज्युनिअरची कामं करतात म्हणून लोक हसायचे. आजही क्लासमध्ये मार्क कमी पडलेली पोरं-पोरी त्यांच्या ओसरीवर येऊन बसतात. आईबापांना अप्पा एकच सांगतात : "लेकरू हरवलेलं न्हाई. मार्क कमी पडलेत. दोन्हीत फरक हाय." ते ऐकलं की मला मी अठरा वर्षांची दिसते.

मालनबाईंचा खून कुणी केला, ते आजतागायत उघड झालेलं नाही. अप्पांनी तपास पुन्हा व्हावा म्हणून अर्ज केले, अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवले. दर वर्षी त्या तारखेला ते नांदेडहून लातूरला जातात. आईची मेस सिद्रामनंच पुढं चालवली. आता ती मोठी झाली आहे, बाहेर पोरांच्या सायकलींऐवजी स्कूटरांची रांग असते. अप्पा दारात उभे राहून म्हणतात, "सिद्राम, अजून माहीत झालं न्हाई." सिद्राम आतून वर न बघता म्हणतो, "बरं." अप्पा परत फिरतात. इतकी वर्षं एवढंच चाललं आहे. हे मला अक्कांकडून, अप्पांच्या पत्नीकडून कळलं. अप्पांनी कधी सांगितलं नाही.

यंदा अप्पांच्या गुडघ्यांनी हट्ट धरला, म्हणून मी त्यांना गाडीतून घेऊन गेले. दुपारची वेळ होती, पोरं जेवून गेली होती. अप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवून पायरी चढले आणि दारात थांबले. "सिद्राम, अजून माहीत झालं न्हाई." सिद्रामचे केस पांढरे झाले आहेत. तो ताटं आवरत होता. त्यानं वर पाहिलं, अप्पांचा पाय थरथरताना पाहिला, ताटं खाली ठेवली आणि एक खुर्ची पुसून दारापाशी आणली.

"बसा अप्पा."

तीस वर्षांत तो त्यांना पहिल्यांदाच अप्पा म्हणाला. अप्पा बसले. सिद्रामनं त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि ते पिऊन होईपर्यंत शेजारी उभा राहिला. निघताना म्हणाला, "पुढच्या वर्षी बी या."

अप्पांना दीर्घायुष्य लाभावं, आरोग्य लाभावं, हे लिहायला मी चांगले शब्द शोधत होते. ते शोधणं मी आता सोडून दिलं आहे. अप्पा, पुढच्या वर्षी आपल्याला लातूरला जायचं आहे. त्याच्या पुढच्या वर्षीही. कुणीतरी तिथं आपली वाट पाहत आहे, तेव्हा गुडघ्यांचं औषध वेळेवर घ्या.