हाव

कुणी त्यांचा खेळ खेळायला बसलं, की कांबळे मॅडम शेजारच्या खुर्चीवर बसून स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवायच्या. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मोकळे असले की बोट दाखवतात, सर. आन् सांगितलं की खेळ मेला."

नांदेडच्या आमच्या कॉलेजात त्या संगणक शिकवायच्या आणि मी मराठी. मूळच्या त्या उदगीरच्या. सुट्ट्यांमध्ये एकट्या बसून व्हिडिओ गेम तयार करायच्या. गेम म्हणजे गोळीबार आणि शर्यती, एवढीच माझी समजूत होती. त्यांच्या खेळात घराची फक्त बाहेरची खोली होती. खिडकी, कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती, पुस्तकांचा ढीग. खेळणाऱ्यानं त्या खोलीत हवं तसं वावरायचं, पुस्तकं चाळायची. आत आई भाकरी थापत असते. ती दिसत नाही, थापण्याचा आवाज तेवढा येतो. मधूनच ती विचारते, "हायेस का?" पडद्यावर एकच बटण उमटतं, 'हाव', म्हणजे उदगीरकडचं 'हो'. ते दाबलं की थापणं पुन्हा सुरू होतं.

लहानपणी मॅडम पुस्तकात बुडालेल्या असत, तेव्हा त्यांची आई आतून असंच विचारी. ती केव्हाच गेली होती, म्हणून आवाज त्यांनी स्वतःचाच भरला होता. आई खरं तर "हायेस का गं" म्हणायची. "त्यातला 'गं' काढला," त्या म्हणाल्या. "खेळणारं कोण असंल, काय माहीत. ज्यानं त्यानं आपापली आई घेऊन यावी."

शुद्धलेखन तपासायला खेळ माझ्याकडं आला, तेव्हा मी शब्दकोशाला जागलो. हाव म्हणजे लोभ, तिथं 'होय' लिहा, असं सुचवलं. त्यांनी वाद न घालता बदल केला. पुढच्या सुट्टीत उदगीरला त्यांच्या मावशीनं खेळ सुरू केला आणि पहिल्याच हाकेला बंद करून टाकला. मावशीचे शब्द मॅडमनी मला जसेच्या तसे ऐकवले : "आईला कुणी होय म्हणतं का? हजेरी द्यायलो का आपण?"

'हाव' परत आलं. "आन् लोभ तरी कुठं चुकला, सर?" असं वर मॅडमनी मलाच विचारलं.

मग त्यांचं आजारपण सुरू झालं. बरं वाटेल त्या दिवशी त्या स्टाफरूममध्ये येत आणि मला खेळायला बसवत. हाक आली की मी तत्परतेनं बटण दाबायचो. "तुम्ही लई गुणी," त्या हसून म्हणत. एकदा मात्र हसल्या नाहीत. खेळात एक जागा अशी होती, जी अजून कुणालाच सापडली नव्हती. ती कुणाला तरी न सांगता सापडावी, तोवर खेळ अर्धाच, असं त्या म्हणाल्या. मी सुचवलं, मला तरी सांगून ठेवा.

"न्हाई सर. कविता तुम्ही वाचली न्हाई तरी ती पुरी असती. हे तुमच्याबिगर पुरं होत न्हाई."

हात मांडीखालीच होते. बारीक झाले होते फार.

त्या गेल्या तेव्हाही ती जागा कुणाला सापडलेली नव्हती. महिनाभरानं, दुपारी स्टाफरूम रिकामी असताना, मी खेळ उघडला. खोलीत थोडा फिरलो. आतून त्यांचा आवाज आला, "हायेस का?"

बटण उमटलं. माझा हात उचलेना. आवाजानं पुन्हा विचारलं. मी तसाच बसून राहिलो. तिसऱ्यांदा विचारल्यावर आतून पावलांचा आवाज आला.

इतके दिवस मी ज्याला भिंतीचा भाग समजत होतो, तो दरवाजा उघडला. पिठानं भरलेले हात पुढं धरून एक बाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि थेट माझ्याकडं बघू लागली. इतकी वर्षं मला 'सर' आणि 'तुम्ही' म्हणणारा तो आवाज म्हणाला, "हायेस की. मग बोलत का न्हाईस?"

बटण अजून तिथंच होतं. मी 'हाव' दाबलं.