स्क्रीनवर छातीपर्यंतच दिसणारे देवजीकाका

दर गुरुवारी मी ठाण्यातल्या माझ्या बेडरूममध्ये बसून तलासरी तालुक्यातले पेशंट तपासते. महापालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून हे टेली-ओपीडीचं काम घेतलं. तिकडे वेवजीच्या बाजूला एका उपकेंद्रात ज्योत्स्ना असते. उपकेंद्र तीच चालवते. बीपी, साखर मोजते, मोबाईल टेबलावरच्या स्टँडला लावते आणि पेशंटला माझ्यासमोर बसवते. मला तो डोक्यापासून छातीपर्यंत दिसतो, त्याखाली टेबल.

या गुरुवारच्या मंडळींत देवजीकाका. नाव बदललंय, लिहू का असं विचारलं तेव्हा खुशाल लिवा म्हणाले. साठीचे, बोर्डीकडच्या चिकूवाडीत रोजावर जाणारे. गोळ्या वेळेवर, गोड बंद, तरी साखर दर खेपेला चढलेलीच. मी गोळी बदलली, डोस वाढवला. दर वेळी मी विचारायचे, "पायाला फोड, जखम काही?" उत्तर ठरलेलं, "नाय बाय." मी 'नाही'वर खूण करायचे आणि पुढच्या पेशंटला बोलवायचे.

मग ते दोन गुरुवार आलेच नाहीत. ज्योत्स्ना म्हणाली, "गावची आशाताई घरी जाऊन आली मॅडम. अंगात कणकण आहे, पण बरा हाय म्हणतात." शुक्रवारी ज्योत्स्नाचं प्रशिक्षण होतं, शनिवारी ती स्वतः जाणार होती. "मीही येते," मी बोलून गेले. फोन ठेवला आणि शनिवारपर्यंत घरात बसणं आपल्याच्याने होणार नाही हे लक्षात आलं. नवऱ्याला सांगितलं, डहाणूला समुद्र बघून येते. तो म्हणाला, "दिवाळीत चल म्हटलं तेव्हा तुझे गुडघे दुखत होते."

शुक्रवारी पहाटे निघाले. घोडबंदर रोडवरून जाणार असाल तर सहाच्या आत पार व्हा, नाहीतर ट्रकांच्या मागे बसून जपमाळ ओढायची वेळ येते. पुढे अहमदाबाद हायवे बरा आहे, मात्र पुलांच्या कामाजवळ अचानक वळवतात, वेग आवरता ठेवा. चारोटीला थांबले. तिथे दोन्हीकडे खाण्याची इतकी दुकानं आहेत की ठरवता येत नाही. मी गाड्या जास्त दिसल्या तिथे शिरले आणि मिसळ मागवली. तिखट आणि चांगली होती. अर्धी टाकून उठले. टाकायचा स्वभाव नाही माझा.

चारोटीहून डावीकडे वळलं की डहाणूचा रस्ता. तिथून किनाऱ्याने चिखले. सुरूच्या बनाजवळच्या एका घरात खोली घेतली होती, पंधराशे रुपये, जेवण वेगळं. हिवाळा आहे, गर्दी नाही, वाळू स्वच्छ, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास मात्र दोन दिवस कपड्यांना राहतो. सुट्टीसाठी जाणाऱ्यांनी इथे जरूर जावं. मी किनाऱ्यावर तीन फेऱ्या मारल्या आणि तिन्ही वेळा फोन बघत परतले. घरमालकीण ओट्यावर पापडी सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "बेन, बसो ने जरा. आल्यापासून उभ्याच आहात. कोण येणार आहे का?"

"नाही, मलाच जायचंय," मी म्हटलं. संध्याकाळभर मी एकच हिशेब मांडत होते: गोळ्या चालू, साखर चढती, आता ताप. हा हिशेब मी एखाद्या शिकाऊ डॉक्टरला घातला असता तर त्याने दोन मिनिटांत सांगितलं असतं की कुठेतरी पू धरतोय. कुठे, एवढाच प्रश्न होता, आणि तो मी दर खेपेला विचारला होता.

शनिवारी घोलवड, बोर्डी करत तलासरीच्या बाजूला वळले. रस्त्याकडेला मडकी उलटी घालून उबाडियू भाजतात, कंद आणि पापडी पाल्यात घालून. चांगलं लागतं म्हणतात. मी गाडी थांबवली नाही. सरहद्द इतकी जवळ की फोनने गुजरातेत स्वागत केलं, मग पाचच मिनिटांत महाराष्ट्रात. ज्योत्स्ना नाक्यावर स्कूटी घेऊन उभी होती. पडद्यावर मोठी वाटायची, प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागत होती. गाडी हातपंपापर्यंतच जाते, पुढे दहा मिनिटं शेताच्या बांधावरून.

काका अंगणात बाजेवर बसले होते, गुडघ्यांवर गोधडी. मला बघून बायकोला म्हणाले, "अगं, मोबाईलमधली बाय." आणि दोन्ही पाय गोधडीत आत घेतले. काकूंनी पाणी दिलं. मी इकडचं तिकडचं बोलायलाही थांबले नाही.

"काका, पाय बघू."

"बरा हाय."

"बरा असला तरी बघू."

ते ज्योत्स्नाकडे बघायला लागले, मग जमिनीकडे. मी सरळ खाली बसले, शेणाने सारवलेल्या अंगणात, त्यांच्या पायांशी. ते चटकन बाजूला सरकले. शेवटी काकूच म्हणाल्या, "दाखव आता. ती इथवर आली ना."

उजव्या पायाला लुगड्याचं फडकं गुंडाळलेलं होतं. सोडायच्या आधीच वास आला. अंगठ्याच्या खाली तळव्याला रुपयाएवढा खड्डा, शेजारची दोन बोटं काळसर. "दुखत नाय," काका म्हणाले. दुखणार नाहीच. नसा बधिर झालेल्या. काटा गेला असेल आणि कळलंही नसेल.

माझा आवाज चढला. "मी दर वेळी विचारत होते. का नाही सांगितलंत?"

"सांगितला असता तर तुम्ही बोलला असत्या, दाखव." काका हळू बोलत होते, जणू समजूत मलाच घालायची होती. "त्या मोबाईलमधं तुमचा तोंड. तुमचा तोंड हातात धरून पायाखाली न्यायाचा? मोठ्या माणसाला पाय लागला तर आम्ही पाया पडतो, बाय."

ज्योत्स्नाचा चेहरा उतरला. "मॅडम, मी मोबाईल खाली नेते म्हटलं की उठूनच जातात कितीतरी जण. मला वाटायचं, गाडी पकडायची घाई असेल."

मला काय वाटलं ते सरळ लिहिते. लाज वाटली. पस्तीस वर्षं पेशंटला हात लावून तपासलं आणि आता एका खुणेवर विश्वास ठेवला. ते मला मान देत होते आणि मी 'नाही' लिहीत होते.

त्यांना गाडीत घालून तालुक्याच्या रुग्णालयात नेलं. काकांनी पायाखाली प्लास्टिकची पिशवी मागून घेतली, गाडी खराब होऊ नये म्हणून. वाटेत एकदाच विचारलं, "चिकू उतरवायला शिडीवर चढता येईल ना?" मी म्हटलं, बघू. खोटं सांगायचं धाडस झालं नाही. तिथल्या सर्जनने पाय बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, अजून आठवडा गेला असता तर घोट्याच्या वरून कापावा लागला असता. दोन बोटं गेली. पाऊल राहिलं.

रविवारी परतताना घोलवडहून चिकू घेतले. ते पिकले, नवऱ्याने खाल्ले. समुद्र कसा होता, त्याने विचारलं. मी सालं गोळा करून आत नेली.

पुढच्या गुरुवारी पहिली पेशंट एक म्हातारी बाई, साखरेचीच. मी काही न विचारता खुर्ची मागे सरकवली, गुडघा करकरला, आणि माझा पाय टेबलावर कॅमेऱ्यासमोर ठेवला. भेगाळलेली टाच, वाकडं बोट, सगळं. "ही माझी टाच, आजी. बघा कशी झालीय. आता तुमची दाखवा." तिने पदर तोंडावर घेतला. हसत होती. ज्योत्स्नाने मोबाईल उचलला, छत दिसलं, जमीन दिसली आणि मग पडदाभर एक पाऊल. त्या दिवशी अकरा जणांचे पाय बघितले. दोघांना लगेच पुढे पाठवावं लागलं. आधीच्या महिन्यांत अशी किती पावलं त्या टेबलाखाली राहिली असतील, हा विचार अजून जात नाही.

सव्वा महिन्याने देवजीकाका आले, पट्टी बांधून, काठीवर. शिडी बंद, चिकू निवडायचं काम मिळालंय म्हणाले. त्यांच्या आधी एक नवा माणूस स्क्रीनसमोर येऊन बसला होता, पाय खुर्चीखाली ओढून. मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून काकांचा आवाज आला, "लाजू नको. आधी ती बाय तिचा दाखवते, मंग आपण."

मी चप्पल काढली.