बशीएवढं राज्य

चहा संपला की काकाजी बशी टेबलावर पालथी घालायचे. तिच्यावर बोट टेकवून म्हणायचे, "हे राज्य. पूर्ण. आता यात राजवाडा, बंदर, चर्च, जुगारघर आणि फौज बसवून दाखव." मग दौत एका बाजूला सरकवायचे, ते शेजारचं नीस शहर. टाचण्यांची डबी दुसऱ्या बाजूला, ते मांतों गाव. उरलेलं टेबल म्हणजे समुद्र. त्या समुद्रात बहुधा माझ्या फायली पसरलेल्या असायच्या. त्या ते अदबीने उचलून खुर्चीवर ठेवायचे.

मध्यभारत सरकारच्या इंदूरमधल्या एका ऑफिसात ते रेकॉर्डरूम सांभाळायचे. मी तिथे नुकतीच टायपिस्ट म्हणून लागले होते, तीही कच्च्या नोकरीवर. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं इंग्रजी बरं होतं आणि बोलणं कमी. मराठी बोलायला लागले की मध्येच शब्द संपायचे, म्हणून मी बोलायचीच नाही. माझं टेबल रेकॉर्डरूमच्या दाराशी होतं. न बोलणारा माणूस दाराशी बसला की त्याला सगळं ऐकू येतं. तुमच्याही ऑफिसात असं एखादं टेबल असेल.

काकाजी आधी होळकर दरबारात हुजऱ्या होते. कपडे, जोडे, पगडी हे त्यांचं खातं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी एका सरदारसाहेबांचे सांधे धरले, डॉक्टरांनी भूमध्य समुद्राकाठी हिवाळा काढायला सांगितलं, आणि दरबाराने काकाजींना त्यांच्या दिमतीला दिलं. जाऊन यायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांवर काकाजींनी पुढची कितीतरी वर्षं काढली होती.

पॅकिंगची सवय मात्र त्यांच्या हातातून गेली नव्हती. थंडीत सरकार ग्वाल्हेरला जायचं आणि उन्हाळ्यात परत इंदूरला यायचं, तेव्हा फायलींच्या पेट्या काकाजीच भरायचे. जाडजूड रजिस्टरं तळाशी, जोड्यांसारखी. पातळ कागद मध्ये, धोतरांसारखे. आणि प्रत्येक पेटीत वर वीतभर जागा रिकामी. हेडक्लार्क ओरडायचे, "काकाजी, अजून दहा फायली मावतील यात."

"मावतील. मग पगडी कुठे ठेवाल?"

"सरकार पगडी घालतं का आता?"

"नाही घालत. पण पेटीला काय माहीत?"

त्यांनी सांगितलेलं नीस मला अजून दिसतं. "किनारा म्हणतात, पण वाळूचा कण नाही. नुसते गोटे. आणि बाया त्या गोट्यांवर लोळतात, वर त्याचे पैसे देतात. सरदारसाहेबांची मोटर मानपूरच्या घाटात बंद पडली होती ना, तेव्हा मी फुकट झोपलो होतो तशाच गोट्यांवर." मांतोंला घरोघर लिंबाची झाडं, आणि लिंबं एवढी मोठी की काकाजींना आधी ती पपनसं वाटली. राज्य तर विचारूच नका. "चुलीवर दूध ठेवावं, राज्याला फेरी मारून यावं. उतू जायच्या आत घरी. आणि गंमत बघ, जुगारघर त्यांचं, पण त्यांच्याच रयतेला आत खेळायला बंदी. बाहेरच्यांनी यावं, हरावं, जावं. इसको बोलते हैं राजकारण."

मला सगळ्यात आवडायची ती धिरड्याची गोष्ट. नीसच्या बाजारात एक बाई भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत काहीतरी भाजत होती. वास ओळखीचा आला. चाखून पाहिलं तर बेसनाचं धिरडं, नुसतं मिरपूड घातलेलं. काकाजींनी खिशातली जिरावणाची, आपल्या इंदुरी मसाल्याची, पुडी काढून त्यावर भुरभुरवली आणि एक तुकडा त्या बाईलाच दिला. "ती शिंकली. डोळे पुसले. मग हात पुढे केला, की अजून टाक." तीच धिरडी मुक्कामावर नेली, आणि सरदारसाहेब त्या दिवशी दोन महिन्यांनी पोटभर जेवले.

पण ऑफिसात गाजली होती ती वेगळीच गोष्ट. त्या राज्यात ते पंधरा दिवस राहिले. तिथला राजा रोज सकाळी वाड्याच्या पायऱ्यांवर उभा असायचा, काकाजी मुजरा करायचे आणि राजा सलामी परत करायचा. "रोज. एक दिवस चुकला नाही. इकडे आपल्या दरबारात वीस वर्षं वाकलो, मान हलली तर नशीब." हे सांगताना ते उठून उभे राहायचे. हेडक्लार्क रोज सकाळी आल्याबरोबर विचारायचे, "काय काकाजी, राजेसाहेब मजेत ना?" सगळे हसायचे. काकाजीही हसायचे, पण उठून उभं राहणं त्यांनी सोडलं नाही.

मग जुन्या दरबारी नोकरांच्या नोकऱ्या तपासायचा हुकूम आला. ज्यांची नोकरी सलग, ते पक्के. ज्यांच्या नोकरीत खंड, त्यांना घरी पाठवायचं. काकाजींच्या नावापुढे आठ महिन्यांची हजेरी कोरी होती. ते तेवढे महिने कुठे होते याचा कागद दरबारच्या दप्तरात सापडला नाही. सरदारसाहेब वारले होते, मुलं इंदूर सोडून गेली होती, पत्रांना उत्तर येत नव्हतं. काकाजींचा पासपोर्ट सरदारसाहेबांच्या पेटीत राहिला आणि ती पेटी कुठे गेली ते देवाला ठाऊक. ज्या आठ महिन्यांच्या गोष्टी सगळ्या ऑफिसाला पाठ होत्या, तेच आठ महिने त्यांची नोकरी घालवायला निघाले होते. घरी काकू होत्या, आणि काकाजींना दुसरं काही काम येत नव्हतं.

आमचे नवे साहेब ग्वाल्हेरकडचे होते. त्यांनी काकाजींना बोलावून सांगितलं, "विलायत में पढ़ता था तब मैं उधर गया हूँ. तुमने जो देखा है, सच-सच लिखवा के लाओ. मैं पढ़ के समझ जाऊँगा."

लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. काकाजी सांगणार, मी इंग्रजीत टाइप करणार. गोटे झाले, लिंबं झाली, धिरडं झालं. जिरावणाला इंग्रजीत काय म्हणायचं यावर आम्ही दोघांनी पाव तास घालवला आणि शेवटी 'जिरावण'च ठेवलं. मग राज्य आलं. काकाजी थांबले.

"बेटा, दार लोटून घे जरा."

मी दार लोटलं.

"तो राजा नव्हता."

मी बोटं मशीनवरून काढली नाहीत.

"घुमटाची मोठी इमारत, पुढे बाग, पायऱ्यांवर उंचापुरा माणूस. जरीचा कोट, छातीवर बिल्ले, मिशा अशा. मी म्हटलं, हाच. चार दिवस मुजरे केले. पाचव्या दिवशी एका मडमेची मोटर आली, त्याने दार उघडलं आणि बक्षिसी खिशात घातली. तो दरबान होता बेटा. आणि तो वाडा म्हणजे जुगारघर."

"मग सहाव्या दिवशी?" मी विचारलं. आपण विचारलं याचं मलाच नवल वाटलं.

"सहाव्या दिवशीही केला. एकदा केलेला मुजरा मागे कसा घ्यायचा? त्याची काय चूक? तो तर बिचारा रोज सलाम करत होता." मग खाली बघून म्हणाले, "घरी काकूंनाही राजाच सांगितलाय मी."

राजा लिहिला तर साहेब एका ओळीत ओळखणार, की हा माणूस तिथे गेलाच नव्हता. दरबान लिहिला तर कागद हेडक्लार्कच्या टेबलावरून जाणार, आणि काकाजींना या ऑफिसात पुन्हा तोंड वर करून बशी पालथी घालता येणार नव्हती. मला त्यांना काहीतरी धीराचं सांगायचं होतं. पण मला तेवढंच सुचलं, "काकाजी, साहेब जाऊन आलेत तिथे."

"तेच तर," ते म्हणाले आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिस उघडायच्या आधीच येऊन बसले होते. इस्त्रीचा कोट, डोक्यावर पगडी. ती मी पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यावर पाहत होते.

"दरबान लिही," ते म्हणाले. "काकूंना काल सांगून टाकलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मला वाटलंच होतं. राजा कशाला सकाळी सकाळी पायऱ्यांवर उभा राहील, त्याला आंघोळ-बिंघोळ नाही का."

साहेबांनी कागद वाचायला घेतला तेव्हा हेडक्लार्क सहीचं रजिस्टर घेऊन तिथेच उभे होते. मी दुसरी प्रत घेऊन दाराशी. साहेबांनी एक ओळ मोठ्याने वाचली, थांबले, वर पाहिलं.

"दरबान को मुजरा?"

"जी हुजूर."

"कितने दिन?"

"पंद्रह दिन हुजूर. चार दिन राजा समझ के. बाकी के ग्यारह दिन दरबान समझ के."

हेडक्लार्कचं रजिस्टर हातातच राहिलं. साहेब खुर्चीत मागे रेलले आणि इतका वेळ हसले की चपराशी पाणी घेऊन आला. "मूँछें ऐसी थीं न? ऊपर को? मैं तो उसे ॲडमिरल समझा था. टोपी उतार के गुड मॉर्निंग बोला था." मग त्यांनी डोळे पुसले आणि हेडक्लार्ककडे वळून म्हणाले, "झूठ बोलनेवाला आदमी अपने को इतना छोटा नहीं बनाता. नौकरी सलग लिखो."

बाहेर आल्यावर काकाजी रेकॉर्डरूममध्ये गेले आणि बराच वेळ एकाच कपाटाची धूळ झटकत राहिले. मी आत गेले नाही.

हेडक्लार्कनी दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलंच, "काय काकाजी, दरबानसाहेब मजेत ना?"

"मजेत. कपडे राजापेक्षा भारी होते भिया, तुम्ही असता तर तुम्हीही वाकला असता." आणि ते सांगायला उठून उभे राहिले. हसणं आधीपेक्षा मोठं झालं, पण त्यात आता काकाजी मनापासून सामील होते. दरबानाची गोष्ट राजाच्या गोष्टीपेक्षा चांगली निघाली. इतर ऑफिसांतले लोक ती ऐकायला मुद्दाम चहाच्या वेळी यायला लागले.

पुढे मध्यभारत गेला, नवा प्रांत झाला आणि राजधानी भोपाळला ठरली. हुकूम आला की पक्क्या नोकरीतल्यांनी भोपाळला हजर व्हावं. कच्च्यांना इंदूरमध्येच ठेवलं. म्हणजे काकाजींची नोकरी टिकली, म्हणूनच त्यांना इंदूर सोडावं लागलं. खंड निघाला असता तर ते इथेच राहिले असते, घरी बसून. त्यांनी याबद्दल एकदाही तक्रार केली नाही. काकू म्हणे बसमध्ये बसताना एवढंच म्हणाल्या, "तुमच्या सांधे धरलेल्या सरदारांनी आपल्याला भोपाळ दाखवलं बघा."

रेकॉर्डरूममध्ये आता एक नवीन माणूस आहे. तो चहा बशीत ओतून पितो आणि लगेच कामाला लागतो. मी त्याच दाराशी बसते. मध्यंतरी एक दिवस तो मला म्हणाला, "मिसजी, आप बोलती बहुत कम हैं." मी म्हटलं, "हो."

गेल्या आठवड्यात भोपाळहून कार्ड आलं. अक्षर गिचमिड, पत्ता मात्र वळणदार.

"चि. बेटास आशीर्वाद. येथे तलाव मोठा आहे. समुद्रापेक्षा बरा, पलीकडचा काठ दिसतो. काकू खूश आहेत. ऑफिसात सगळे नवे. कुणी ओळखत नाही, म्हणून या वेळी पहिल्याच दिवशी खरं सांगितलं, की दरबान होता. कुणाचा विश्वास बसला नाही. म्हणतात, काकाजी, तुम्ही लपवता, तो राजाच असणार. मी पुष्कळ समजावलं. आता सोडून दिलं आहे."