पार्टिशन आणि माझी खाट

मी चौथी शिकलो. पण चाळीस वर्षं सोलापुरात मागावर काढली, त्यातली वीस जॉबर म्हणून, म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारा. आजूबाजूच्या कामगारांकडून तेलुगू, कन्नड, दखनी सगळं कानावर पडून पडून आलं. त्यामुळे माझ्यासमोर कुणी कन्नडात कुजबुजलं तरी मला फसवू शकत नाही, असा माझा अभिमान होता. त्यानंच माझी फजिती केली.

आमची सून दुधनीची, माहेरी कन्नड बोलणारी. घरी बसून वेबसाइट बनवते, पुण्याच्या एका ऑफिससाठी. गेल्या उन्हाळ्यात एका मंगळवारी सकाळी ती फोनवर तिच्या भावाशी बोलत होती. तोही कंप्युटरातलाच. मी दारात बसून दाढी करत होतो. ती म्हणाली, "पार्टिशन माडोण. हळेदु वंद कडे, होसदु वंद कडे."

म्हणजे, पार्टिशन करू या. जुनं एका बाजूला, नवं एका बाजूला.

माझा हात तिथंच थांबला. घरात जुनं काय, तर मी आणि माझी बायको. आता कन्नडात म्हाताऱ्या माणसाला मुदुक म्हणतात, हळेदु म्हणतात ते वस्तूला, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण रागात व्याकरण कोण बघतो? उलट जास्तच लागलं, की आपण आता सामानात जमा झालो.

तीन खोल्यांचं घर. प्लायवूड ठोकायचं झालं तर मधल्या खोलीतच ठोकणार. मी अर्धी दाढी तशीच ठेवून उठलो, खाट ओढली आणि मधल्या खोलीच्या बरोबर मध्यावर आडवी टाकून तिच्यावर बसलो. बायको म्हणाली, वाटेत काय बसलाय? म्हटलं, हितं हवा लागते. तिथं ना खिडकी ना पंखा.

दोन दिवस मी ती जागा सोडली नाही. सून धुण्याची बादली घेऊन खाटेला वळसा घालून जायची. मुलाचा गुडघा दोनदा आपटला. गुरुवारी दुपारी सून चहा घेऊन समोर उभी राहिली.

"मामा, माझं काय चुकलं का?"

"चुकायचं काय त्यात. पार्टिशन कुटं घालनार तेवढं सांग. मी हितनं हलनार न्हाय."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग ओढणी तोंडाशी धरून खाली फरशीवरच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. बायकोला काहीच कळलं नव्हतं, तरी तीही हसायला लागली.

"मामा, घरात न्हाय ओ. लॅपटॉपात घालायचंय."

मग तिनं मला सगळं समजावून सांगितलं. कंप्युटर ज्याच्या जोरावर चालतो ती एक सिस्टीम असते. हिची जुनी, आणि ऑफिसातले सगळे लिनक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टीमवर गेलेले. त्यांच्याकडं चालतं ते हिच्याकडं अडतं. भाऊ म्हणत होता, लॅपटॉपात दोन भाग कर, एकात जुनी ठेव, एकात नवी घाल. पण सोमवारी एका चादरीच्या कारखान्याची वेबसाइट दाखवायची होती, तिच्या एकटीच्या भरवशावर दिलेलं पहिलं काम. बदलताना काही पुसलं गेलं तर केलेलं सगळं पाण्यात. नाही बदललं तर काम वेळेत पुरं होत नाही. आठवडाभर ती ह्यातच घोळत होती.

"जुन्यावर हात बसलाय ओ मामा," ती म्हणाली.

ते ऐकलं आणि मी माझी फजिती विसरलो. आमच्या कारखान्यात बिनधोट्याचे, जुन्यापेक्षा कितीतरी वेगानं विणणारे नवे माग आले तेव्हा मालकानं सगळ्यांत आधी मला बोलावलं होतं. मी तयार झालो नाही. म्हटलं, मला माझा माग आवाजावरनं कळतो. माझ्या हाताखालचे दोघं त्या मागांवर गेले, शिकले, माझ्या पुढं गेले. लोकांना मी वर्षानुवर्षं सांगत आलो की नव्या मागात दम नाही. त्या दिवशी सुनेला खरं काय ते सांगितलं.

"मला भ्या वाटलं हुतं, पोरी. दुसरं काय न्हाय."

बायको माझ्याकडं बघत होती. तिलाही हे नवीनच होतं.

सुनेनं विचारलं, मग मी काय करू? मी म्हटलं, मला तुझ्यातलं कळत नाही, मागातलं सांगतो. बीमचं, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळाचं, सूत संपलं की जुनी टोकं आम्ही उपटून टाकत नव्हतो. उपटली तर हजारो धागे पुन्हा एकेक करून ओवत बसा. जुन्या टोकाला नव्या बीमचा धागा गाठायचा, सगळ्या गाठी झाल्या की हळूच पुढं ओढायचं. माग तोच, कापड चालू.

"म्हंजे भाऊ म्हणतो तेच की," ती म्हणाली. "दोन्ही ठेवते. आधी सगळं दुसरीकडं उतरवून घेते."

"व्हय. आन् मग भिऊ नको."

शनिवारी तिनं काम काढलं. मध्येच पडदा काळा पडला, त्यावर पांढरी अक्षरं पळायला लागली. तिचा चेहरा उतरला, आणि मी उगाच चप्पल घालून बाहेर जाऊन आलो. परत आलो तर नवी सिस्टीम चालू झालेली, जुनं काम जागेवर, आणि ती की-बोर्ड बडवत बसलेली. रविवारी तिनं मला वेबसाइट दाखवली. मी चष्मा पुसून बघितली आणि म्हटलं, चादर उलटी आहे. चादरीच्या दोन्ही बाजूंना नक्षी तीच, फक्त रंगांची अदलाबदल होते, नवख्याला कळत नाही. तिनं तिथल्या तिथं फोटो बदलला. मी पुढच्या पानावर अजून दोन तशाच चादरी शोधून काढल्या.

सोमवारी कारखान्याचा मालक फोनवर एकेक बदल सांगत होता आणि त्याचं वाक्य संपायच्या आत सून "झालं" म्हणत होती. चार वेळा झालं म्हणाली. मग तो म्हणाला, आता असंच ठेवा, छान आहे.

फोन ठेवून ती थेट स्वयंपाकघरात गेली, शेंगाचटणीचा डबा उघडला आणि उभ्या उभ्याच दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिसरी बायकोनं तिला बसवून वाढली.