मामाच्या हातचा नारळ

मुंबईहून आर्किटेक्ट होऊन गावी आलो, तेव्हा मी भलताच शहाणा झालो होतो. एकोणीसशे साठ उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मसुऱ्याजवळच्या आमच्या गावाने जत्रेकरूंची जुनी धर्मशाळा शाळेसाठी द्यायचं ठरवलं आणि दुरुस्ती माझ्याकडे आली. गवंडी होता माझा सख्खा मामा. जांभ्याचा चिरा ठोकून त्याचा आवाज ऐकायला लहानपणी त्यानेच मला शिकवलं होतं.

काम सुरू करताना नारळ धरायला मी मामालाच पुढे केलं. गावचा मानकरी असलेल्या गावकराने देवाला गाऱ्हाणं घालून त्याच्या हाताला यश मागितलं. आमच्याकडे ज्याने नारळ धरला, कामाचं यशापयश त्याच्या माथी. नकाशावरची सही कोण बघतो? हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी वडीलधाऱ्याला मान दिला म्हणून मी स्वतःवरच खूश होतो.

चिरे मातीत रचून बांधलेल्या त्या भिंतींना मामाला शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा करायचा होता. चुना महिनोन्‌महिने भिजवावा लागतो. मला तर जूनमध्ये शाळा उघडायची होती, शिवाय खटपटी करून सिमेंटचं परमिट मिळवल्याची मिजास होतीच. मामा एवढंच म्हणाला, "चिऱ्याक घाम येता रे. तेका भायर पडाक वाट व्हयी." मी त्याला ऑफिसातल्या शुद्ध भाषेत सिमेंटची मजबुती समजावली. त्याने ऐकून घेतलं आणि सिमेंटच्या गिलाव्यासाठी थापी उचलली.

दुसऱ्या पावसाळ्यात ओल आत कोंडून भिंतीतली माती चिखल झाली. एका रविवारी मागची भिंत बसली. मुलं नव्हती, एवढंच नशीब. मामाच्या हाताचं यश गेलं, असं गाव म्हणालं. पुढे देवळाचं काम निघालं, ते दुसऱ्या गवंड्याला मिळालं, त्यानंतरचंही. सिमेंट कुणाच्या हट्टाने आलं, हे मामाने कुणाला सांगितलं नाही. मीही नाही.

नंतर रेडीला एका जुन्या वखारीचा दवाखाना करायचं काम मिळालं. तिथे मी चुन्याचाच हट्ट धरला. लोक म्हणाले, ह्याला जुन्या कामाची जाण आहे. मग तशीच कामं येत गेली. गावी गेलो की मामाच्या घराकडे मात्र पाय वळत नसे. पुढच्या खेपेला सगळ्यांना सांगू, असं म्हणत चार वर्षं काढली. मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त होती.

मामा गेला. बाराव्याला पंगत बसायच्या आधी मी उभा राहून सांगितलं, सिमेंट माझं होतं, मामाने नको म्हटलं होतं. गावकराने मान हलवली. कुणीतरी पानं मांडायला घेतली.

मामी मागच्या दारी बसली होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तू गावात इलंस असा कळला काय तुझे मामा धुतलेलो सदरो घालून दारातल्या खळ्यात येवन बसत. 'आज भाचो येवन सांगतलो,' म्हणत."