तात्यांनी मऊ केलेलं गोल्फचं मैदान

आमच्या घराण्यात गोल्फ खेळलेला पहिला माणूस मी. माझा खेळ पाहिल्यावर घराण्यानं एकमतानं ठरवलं, की शेवटचाही मीच.

तसा आमच्याकडे खेळायला वेळ कुणाला होता! बहात्तरच्या दुष्काळात माण तालुक्यातल्या आमच्या गावचा आड तळाला गेला. आई-आबा दुष्काळी कामावर खडी फोडायचे, आणि मी सातारच्या कॉलेजात ‘शेतीचे प्रश्न’ पाठ करायचो. (ते प्रश्न घरातच मुक्कामाला असल्यानं पाठांतर सोपं गेलं.) खानदानातला पहिला बी.ए. झालो! कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात कारकून म्हणून चिकटलोही. पण तात्पुरता. कायम करणं न करणं मॅनेजरसाहेबांच्या हातात. घरी गेलो की आबा तांब्याभर पाणी देण्याआधी विचारायचे, “कायम झालास का रं?”

साहेब फौजेतून मेजर म्हणून निवृत्त झालेले. कारखान्याच्या पडीक माळावर त्यांनी गोल्फचं मैदान केलं होतं. हिरवळीला पाणी कुठलं? म्हणून प्रत्येक भोकाभोवती वाळूत जळकं तेल मळून, वर रूळ फिरवून एक गोल, टणक चकती बनवलेली. तिच्यावरून चेंडू कसा, फरशीवरून गोटी जावी तसा भोकाकडे घरंगळायचा. त्या चकत्यांवरून कुणी चपला घालून गेलं तर साहेब त्याची रजा कापायचे.

सांगलीच्या दोन अधिकाऱ्यांशी साहेबांचा करंडकासाठी दरसालचा जोडीचा सामना असे, आणि दरसाल साहेब हरत. (कमी फटक्यांत ज्याचा चेंडू भोकात, ते भोक त्याच्या जोडीचं.) त्या वर्षी त्यांच्या जोडीदाराची बदली झाली. साहेबांनी मला बोलावलं.

“तुझ्या अर्जात ‘खेळाची आवड’ असं लिहिलंय.”

“होय साहेब.” (हुतूतू! पण ते विचारलं कुणी?)

“मग माझ्याबरोबर तू. पण गोल्फला फिटनेस लागतो. कंबर, खांदे, पाय! महिना आहे. अंग कमव. सामना झाला की तुझ्या कायम होण्याचं बघू.”

मी घाबरून गाव गाठलं. माझे चुलते तात्या गावच्या तालमीचे वस्ताद. त्यांना सगळं सांगितलं.

“काठीनं चेंडू मारायचा? आन् समोर कोन आसतंय?”

“समोर कोणी नसतं, तात्या.”

“मग पडतंय कोन?”

“कुणी पडत नाही. चेंडू भोकात पडतो.”

तात्यांनी माझा दंड चाचपून करुणेनं मान हलवली. मग म्हणाले, “आसूं दे. ख्योळ कसला बी आसला तरी अंग लागतंयच. चल, मीच येतो.”

बगलेत मुद्गलांची जोडी आणि हातात तुपाची बरणी घेऊन तात्या माझ्या खोलीवर राहायला आले. पहाटे जोर, मग बैठका, मग मुद्गल, मग उसाच्या फडाला धावत वेढा. “बीए, वाक की रं! पदवी काय कंबरंत आडकलीया?” पहिल्या आठवड्यात मला खुर्चीवर बसता येईना, बसलो तर उठता येईना. मी हजेरीची सही उभ्यानंच करायचो. हेडक्लार्क हळूच कानाशी येऊन म्हणाले, “मूळव्याधीवर माझ्याकडं एक मुळी आहे.”

पण खरं सांगतो, गुण आला. आधी मी काठी फिरवली की चेंडू जागेवर आणि ढेकूळ हवेत. मुद्गल फिरवून खांदे आणि कंबर मोकळी झाली आणि चेंडू असा सुटायला लागला की साहेब टोपी काढून बघत राहायचे! “शाब्बास! पण दिशा?” दिशा तात्यांच्या अभ्यासक्रमात नव्हती.

सामन्याच्या दिवशी तात्या पहाटेच गायब. मला वाटलं, देवाला गेले असतील.

ऊन चढलं. सांगलीचे साहेब खेळात मुरलेले, पण पोटंही मुरलेली. अर्ध्या मैदानातच ते धापा टाकायला लागले आणि दर फटक्यानंतर सावली शोधायला लागले. मी मात्र ताजातवाना. बैठका कामी आल्या! मागं पडलेलो आम्ही एकेक भोक जिंकत बरोबरीला आलो. उरलं शेवटचं, पाहुण्यांसाठी घातलेल्या मांडवासमोरचं.

तिथं पोचलो आणि पायाखालचं माळरान सरकलं. साहेबांची सगळ्यात मोठी, सगळ्यात गुळगुळीत चकती कुदळीनं खणली होती! माती भुसभुशीत, रंग पिवळाधमक. ताकाचा आंबूस वास. वर कापलेली लिंबं, कडेला उदबत्ती, आणि मधोमध भोकातल्या निशाणाला झेंडूचा हार.

“हू डिड धिस?” साहेबांचा आवाज नदीपलीकडं गेला असावा.

मांडवामागून तात्या कुदळ घेऊन आले. अंगभर घाम, चेहऱ्यावर समाधान.

“मी क्येलं सायेब! आवं, आखाडा आसा दगडावानी ठिवत्यात व्हय? पोराचं हाड मोडलं आसतं. हाळद, ताक, त्याल घालून माती मळलीया. आता बिनघोर पडा!”

“कोण आहे हा माणूस?”

मी मातीकडं बघत म्हणालो, “चुलते.” मनात आबा विचारत होते, कायम झालास का रं?

सांगलीकर पोट धरून हसत होते. “मेजर, सामना रद्द करू या. उगाच मातीमुळं हरलात असं नको वाटायला!”

साहेबांच्या मिशा ताठ झाल्या. “फौजेत जमीन बघून लढाई रद्द करत नाहीत. चेंडू पडेल तिथून खेळायचा!”

सांगलीकरांचे चेंडू आले आणि हळदीत रुतले. साहेबांचाही रुतला. मी लांबून हाणला, नेहमीसारखा बेताल. टणक चकती असती तर तो थेट मांडवातल्या चहाच्या किटलीवर गेला असता. इथं तो ‘थप’ करून निशाणाशेजारी बसला!

मग तिघांनी काठीनं नाजूकपणे चेंडू ढकलून बघितले. चेंडू बोटभर सरकून पुन्हा बसायचे, जेवणानंतर पाहुणे बसतात तसे. माझी पाळी आली.

“बीए,” कडेनं तात्या ओरडले, “गोंजारू नगं! मुद्गल फिरीव!”

मी डोळे मिटून फिरवला. चेंडू, मातीचं ढेकूळ आणि अर्धं लिंबू, असं त्रिकूट भोकात गेलं.

आम्ही जिंकलो होतो! मग साहेब तात्यांपाशी गेले. मी मनातल्या मनात गावची एसटी पकडली होती. साहेब म्हणाले, “वस्ताद, ही चकती पुन्हा टणक करून द्यायची. आणि सोमवारपासून माझ्या सगळ्या ऑफिसकडून जोर-बैठका काढून घ्यायच्या. माझ्याकडूनही!”

पुढं कितीतरी दिवस कारखान्याचा हिशेब उभ्यानं लिहिला गेला. हेडक्लार्कनी ती मुळी स्वतःच उगाळून घेतली म्हणतात. करंडकाची एक प्रतिकृती साहेबांनी मला दिली, ती तात्यांनी तालमीत नेली. तिच्यात ते हळद ठेवतात.

आणि महिन्याभरात मी कायम झालो. आमच्या घरात पहिली पदवी माझ्या डोक्यानं आली हे मी आजही छाती काढून सांगतो. पहिली कायमची नोकरी मात्र तात्यांच्या कुदळीनं आली, हे तात्या सांगतात. मी न विचारताच!